अर्ध्यावर परत आलेली कॅसेट

परत आलेली सीडी आधी उजेडात धरायची आणि मग हुंगायची. पुस्तकाचं पान फाटलं तर दिसतं. सीडीवर कुणी काय ठेवलं होतं ते वासावरून कळतं. बहुतेकदा चहा. कधी शेंगदाण्याचं तेल. एकदा वनस्पतिशास्त्राची सीडी परत आली ती मधल्या भोकात सुतळी ओवलेली. आठवडाभर तिनं कुणाच्या तरी ज्वारीवरची पाखरं हाकलली होती. पोरगा म्हणाला, "मॅडम, वापर तर केला ना." मी दंड लावला नाही. एका अर्थी वनस्पतिशास्त्राचंच काम झालं होतं.

आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात दृकश्राव्य विभाग आहे, हे कॉलेजातल्या निम्म्या लोकांना माहीत नाही. लेडीज रूमच्या पुढं, जिन्याखाली, लांबोडकी खोली. एक खिडकी, तिच्यातून वाशीम-रिसोड रस्ता आणि त्यापलीकडचं तुरीचं वावर दिसतं. दोन लोखंडी कपाटं, एक टेबल, एक टेप डेक, आणि एक संगणक, जो उठायला माझ्या सासूबाईंइतका वेळ घेतो. ही खोली माझ्याकडं आहे. मी बारावी झाले आणि लग्न झालं. पुढचं जे काही शिकले ते याच इमारतीत, परत आलेली पुस्तकं जागेवर लावता लावता.

कॅसेटचं काम सीडीपेक्षा वेगळं. परत आली की डबी पुसायची, फीत ढिली असेल तर पेन्सिल घालून ताणायची, मग डेकवर लावून पार सुरुवातीपर्यंत मागे घ्यायची. अर्ध्यावर थांबलेली फीत कपाटात पडून राहिली की त्याच जागी सैल होते, चिकटते. मागे घेतली की सुरुवात, मध्य आणि शेवट थोडा थोडा ऐकायचा. हे मी जुन्या छापील माहितीपत्रकांतून शिकले. कपाटातल्या प्रत्येक कॅसेटच्या खिडकीत डावं चाक भरलेलं आणि उजवं रिकामं दिसलं की मला बरं वाटतं. घरी इतकं काही जागेवर नसतं.

या कॅसेटींमध्ये जास्त करून ओव्या आहेत. पंचवीसेक वर्षांपूर्वी आमच्या मराठीच्या एका प्राध्यापकांनी गावोगाव फिरून जात्यावर गाणाऱ्या बायांचे आवाज भरून आणले. एका कॅसेटीत एक बाई. आता ते सर नाहीत, जाती नाहीत, बहुतेक बायाही नाहीत. कॅसेटी आहेत. वर्षाकाठी एखादा पीएच.डी.वाला येतो, नेतो आणि न ऐकता परत करतो. न ऐकलेली मला लगेच ओळखू येते. ती सुरुवातीलाच असते.

दसऱ्यानंतरच्या एका शनिवारी रत्नमाला खिल्लारे आली. चाळिशीची, रिठदला शाळेत मास्तरीण, आमच्याच कॉलेजची जुनी विद्यार्थिनी. कडक इस्त्रीची साडी, हातात हेल्मेट.

"भागिरथा खिल्लारे, रिठद. ते कॅसेट पाह्यजे मले."

"वाजवायचं मशीन आहे का घरी? आजकाल कुणाकडं नसतं."

"हाय. मुद्दाम घेतलं. वाशीमच्या भंगारवाल्यापासून."

"अभ्यासासाठी?"

"माय हाय ते माही," ती म्हणाली.

पुढच्या शनिवारी तिनं कॅसेट परत आणली. चाकं पाहिली तर फीत अर्ध्याच्याही अलीकडं थांबलेली. ती गेल्यावर मी नेहमीसारखी मागे घेतली आणि ऐकली.

आधी सरांचा आवाज. "नाव सांगा बाई."

"भागिरथा."

"गाव?"

"रिठद. आनखीन कोनतं?"

कुणीतरी हसलं. मग जात्याची घरघर, आणि तिच्यातून वर आलेला थोडा घोगरा, भरीव आवाज.

*लेक गिरवते माही, चुलीपाशी बाराखडी*
*हळू फिर जात्या राजा, अक्षरावर पीठ पडी*

बाबासाहेबांच्या ओव्या होत्या, लेकीच्या होत्या. शेवटी सर म्हणतात, "वा! फार गोड." आणि ती म्हणते, "झालं का? मंग जातो मी. कपाशी वेचाची हाय." सर यंत्र बंद करायला विसरले असावेत. चपलांचा आवाज लांब जातो. एक चप्पल नीट, दुसरी फटक् फटक् वाजत. मग काही नाही. उरलेली फीत कोरी.

कॅसेट कपाटात ठेवली. डावं चाक भरलेलं, उजवं रिकामं.

रत्नमालानं तीच पुन्हा नेली. पुन्हा आणली. या वेळी फीत अर्ध्याच्या पुढं गेलेली. मी डेककडं हात नेला तसा तिनं माझा हात धरला. बाई काही अंगचटीला येणारी नव्हती. तिला स्वतःलाच ओशाळल्यासारखं झालं.

"ताई, एक सांगू? मागं नका घेऊ."

"काहून? खराब होते ना फीत."

"तिले पुन्हा तेवढंच चालत या लागते."

एवढ्या वर्षांत माणसं परतीच्या टेबलावर काय काय सांगतात ते मी ऐकलंय. एकीनं तर नवरा सोडल्याचंही इथंच सांगितलं, भूगोलाची सीडी देता देता. मी स्टूल पुढं केलं.

तिनं सांगितलं ते असं. सरांनी आवाज भरला त्या दिवशी ती दहावीत होती. माय विहाराच्या ओट्यावर गायली, तिथूनच वावराकडं निघाली आणि संध्याकाळी घरी आली नाही. विहिरी पाहिल्या. नाला पाहिला. बाप जऊळक्याच्या स्टेशनावर जाऊन बसला, कुणी सांगितलं म्हणून. काहीही मिळालं नाही, चप्पलसुद्धा नाही.

"मेली म्हनावं तर पुण्यानुमोदन करता आलं नाई. जिती म्हनावं तर कुठं हाय?" ती हेल्मेटच्या काचेवर बोट फिरवत होती. "बाबा मरेपर्यंत पुढच्या दाराले कडी लावत नव्हते. म्हने ते आली तर? आता मी लावत नाई. लग्न नाई केलं, बदली नाई घेतली. चोर सुद्धा कटाळले आमच्या घराले."

ती हसली. मग मीही.

"आन् आता ते येऊन राह्यली," ती म्हणाली. "कोऱ्या फितीत आवाज हाय. तुमी ऐकाच."

"तूच मधे बंद करतेस का कॅसेट?"

"मी बटन दाबत नाई. ते थकली की बसते. बसली की मशीन आपोआप थांबते. दुसऱ्या दिवशी मंग पुढं."

ती गेली. मी खरंच ऐकलं. फीत थांबली होती तिथूनच लावली, म्हणजे कोरा भाग. थोडा वेळ नुसती खरखर. मग फटक्. फटक्. जाणाऱ्या चपलांचा हा आवाज नव्हता. कुणीतरी यंत्राच्या दिशेनं चालत होतं. मागं कुठंतरी शेतातलं ऑईल इंजिन टक्टकत होतं. अशी इंजिनं आता आमच्याकडं राहिलीही नाहीत.

मी कॅसेट काढून मागची कड पाहिली. तिथं प्लास्टिकच्या दोन चिमुकल्या झडपा असतात; त्या तोडल्या की कॅसेटीवर नवीन काही भरता येत नाही. सरांनी तेव्हाच तोडल्या होत्या. भोकांवर चिकटपट्टी लावली तर भरता येतं, म्हणून बोटानं चाचपलं, हुंगलंही. गोंदाचा मागमूस नव्हता. मी स्वतःला सांगितलं, वैजयंती, तू आजवर ही कॅसेट शेवटपर्यंत ऐकलीच नसशील. हे शक्य होतं. शेवट तपासताना आपण अर्धा मिनिट ऐकतो आणि उठतो.

आणि सवयीनं मी ती मागे घेतली.

खरं सांगायचं तर सवय हे अर्धंच कारण होतं. ती बाई दुःखानं भलतंच काही धरून बसलीय, आपण तिच्या नादाला लागू नये, असंही वाटलं. बटण दाबलं, चाकं गरगरली, खट् करून थांबली. मग नेहमीप्रमाणं सुरुवात तपासायला लावली.

"नाव सांगा बाई."

उत्तर आलं नाही. धाप लागलेला श्वास ऐकू आला. मग अगदी जवळून, थकलेला आवाज:

"पुना इतूनच का?"

मी थांबवलं. खिडकीबाहेर रिसोडची एसटी गेली. पुन्हा लावलं. "नाव सांगा बाई." "भागिरथा." "गाव?" "रिठद. आनखीन कोनतं?" कुणीतरी हसलं. तिसऱ्यांदा लावलं, तेच. मी उठून लेडीज रूमच्या नळावर तोंड धुतलं.

त्यानंतर ती कॅसेट मी मागे घेतली नाही. रत्नमालाला मी काय केलं ते सांगितलं. ती रागावली नाही. "हळूहळू येईन ते," एवढंच म्हणाली. दर शनिवारी ती परत आणायची, मी डबी पुसायची, चाकं पाहायची आणि तशीच तिच्या हातात द्यायची. नियम म्हणजे नियम. परतीची नोंद तर व्हायलाच हवी. दर वेळी उजवं चाक थोडं जाड झालेलं असायचं. थांबायच्या आधी काय ऐकू आलं ते मला रत्नमालाकडून कळायचं. आधी ऑईल इंजिन होतं. मग सोयाबीन काढायचं मोठं यंत्र आलं, ते आता सगळ्या वावरांत असतं. मग फिल्टरच्या पाण्याची गाडी, तिच्या भोंग्यासकट, "थंड पानी, बिसलेरीवानी" ओरडत. त्या काळी रिठदला प्यायला हापशी होती, हे मलाही माहीत होतं.

"नाल्याचा पूल ओलांडला," रत्नमाला सांगायची. दुसऱ्या आठवड्यात, "गिरणीपाशी आली. तिथं बसली होती कालपासून."

"पाय दुखत असतील," मी म्हणायची. आपण काय बोलतोय हे मला तेव्हा विचित्र वाटेनासं झालं होतं.

नरेंद्र सर आमचे ग्रंथपाल. तरुण, हुशार, चांगला माणूस. फक्त त्यांना कुठलीही वस्तू दोनदा पाहायला वेळ नसतो. एका शुक्रवारी ते दारात उभे राहिले.

"वैजयंतीताई, कॉलेज तपासाले समिती येऊन राह्यली. अकोल्याचा माणूस सोमवारी येते, सगळ्या कॅसेटी संगणकात घेऊन टाकते. मंग हे भंगार जाऊ द्या. बाहेर काही हाय का?"

"एक आहे. उद्या येईल."

"सगळ्या सुरुवातीले आनून ठेवा. त्याले घाई हाय."

"एखादी तशीच राहिली तर?"

"तर तो मागं घेईन. बटनच तर दाबाचं हाय, ताई."

शनिवारी रत्नमाला आली. तिनं कॅसेट टेबलावर ठेवली. डाव्या चाकावर फीत जेमतेम करंगळीभर उरली होती.

"आमच्या गल्लीच्या तोंडाशी हाय," ती म्हणाली. "लिंबापाशी बसली. रात्री मशीन थांबलं ते थांबलंच. सकाळी पुन्हा लावाले गेली तर पट्टा तुटला मशीनचा. भंगारच ते."

मी तिला सोमवारचं सांगितलं. तिनं वहीत सही केली, हेल्मेट घातलं, आणि काचेच्या आतून मला बघत उभी राहिली. मास्तरीण होती ती. कॅसेट मागायची नाही हे तिनं ठरवलं होतं. पण गेलीही नाही.

माझ्यासमोर डेक होता. उरलेली फीत तिथंच लावता आली असती. मी लावली नाही, कारण एक साधा विचार आला. गेले कित्येक आठवडे ती बाई जिथं यंत्र वाजत होतं तिथं चालत येत होती. शेवटची करंगळीभर फीत माझ्या खोलीत संपली, तर ती यायची कुठं?

"उद्या घरी आहेस का?" मी विचारलं. "मी मशीन घेऊन येते."

"चहाले या," ती म्हणाली. काच वर केली आणि डोळे पुसले.

रविवारी दुपारी मी रिठदला उतरले. डेक पिशवीत, वरून टॉवेल. सासूबाईंना सांगितलं होतं, हळदीकुंकवाला जाते. घर गल्लीच्या शेवटी. दोन खोल्या, पुढं ओटा, पुढचं दार सताड उघडं. दाराची कडी गंजून भिंतीला चिकटली होती. आत भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली एक पाटी टांगलेली, अक्षर पुसट झालेलं. उंबऱ्याच्या आत पाण्यानं भरलेला तांब्या.

रत्नमालानं दार नुसतं लोटून घेतलं. आम्ही डेक लाकडी पेटीवर ठेवला आणि चटईवर बसलो. बाहेर ऊन होतं. कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली.

मी बटण दाबलं.

खरखर. मग कण्हत उठल्याचा आवाज. बांगड्या. फटक्. फटक्.

"तार बांधली होती अंगठ्याले," रत्नमाला हळूच म्हणाली. "चपलेच्या. नवीन घेतो घेतो म्हने."

टेपमध्ये कुत्रं भुंकलं. एकदाच, मग गप्प झालं. कोंबड्या फडफडल्या. टेपमध्ये कुकरची शिट्टी झाली. त्याच घरची असावी, तशीच अर्ध्यात तुटलेली.

फटक्. फटक्.

मला ठसका लागला. धुळीनं असेल. मी पदर तोंडावर धरून खोकले.

थोड्या वेळानं टेपमध्ये कुणीतरी खोकलं. लांबून, दबून, बंद दाराआडून यावा तसा आवाज.

माझाच होता.

रत्नमालानं माझ्याकडं बघितलं नाही. ती दाराकडं बघत होती.

टेपमध्ये चपला थांबल्या. ओट्यावर काढून ठेवल्याचा आवाज आला, एकेक करून. दार कुरकुरलं. कुठलं ते मी सांगू शकत नाही. मी डेककडं बघत होते. मुद्दाम.

खट्. फीत संपली.

पायांना गार वारा लागला आणि थांबला.

रत्नमाला उठली. पुढचं दार पक्कं लावलं. गंजलेली कडी दोन्ही हातांनी ओढली, ती आली, आणि तिनं ती घातली. मग माझ्याकडं वळली. चेहरा दहावीतल्या पोरीसारखा झाला होता.

"ताई," ती म्हणाली, "तुमी मागच्या दारानं जा. पुढचं आता नका उघडू."

मी डेक उचलला. तांब्या उंबऱ्यापाशी आडवा पडला होता. फरशी कोरडी होती. चहा राहूनच गेला. मागच्या अंगणातून गल्लीत आले तेव्हा पुढच्या ओट्याकडं बघायचं नाही असं ठरवलं, आणि बघितलं नाही. चार घरं ओलांडली तरी आतलं बोलणं ऐकू येत होतं. शब्द नव्हते कळत. एक आवाज रत्नमालाचा होता.

सोमवारी अकोल्याचा माणूस आला. त्यानं पहिल्यांदा हीच कॅसेट घेतली, टेबलावर वेगळी ठेवली होती म्हणून. बटण दाबून पार मागे घेतली. मी अडवलं नाही. आता अडवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

नरेंद्र सरांनी कानावरचा हेडफोन काढून माझ्याकडं दिला. "ताई, हे काय हो? पुसली का त्या बाईनं?"

मी ऐकलं. "नाव सांगा बाई," फितीतले सर म्हणाले. मग शांतता. "गाव?" शांतता. कुणीतरी हसलं. मग जात्याची घरघरही नाही. ओट्यावरचा वारा, लांब एक मोर. ओव्या संपायच्या तिथपर्यंत तेच. आणि मग सरांचा तो भारावलेला आवाज: "वा! फार गोड."

"तिच्याकडून लेखी घ्या लागेल," नरेंद्र सर म्हणाले. "आज शाळेतही आली नाई म्हने. सुटी टाकली. घरी कुनी पाहुनं आलं म्हने."

"घेऊ," मी म्हटलं.

"जाऊ द्या. पुढची आना."

मी दुसरं कपाट उघडलं. हिवऱ्याच्या रंगूबाई, शिरपूरच्या वच्छला, मालेगावकडच्या कुणी. सगळ्या ओळीनं, खिडक्या समोर, खाली नावं. मी हात पुढं केला आणि तसाच ठेवला. या सगळ्या मी माझ्या हातांनी सुरुवातीला आणून ठेवल्या होत्या, काही तर दहा-दहा वर्षांपूर्वी. कुलपाची किल्ली माझ्या मंगळसूत्रात असते.

एकीचंही उजवं चाक रिकामं नव्हतं. प्रत्येकीवर फितीचा एक बारीक, काळा, ताजा वेढा आला होता.